डाव्या टाचेखालचा आवाज

गाडीला आवाज येतोय ही खबर धुरपताबाईला सगळ्यांच्या आधी लागली, आणि तिनं ती कुणालाच सांगितली नाही. इथंच सगळं चुकलं. बाई तशी भोळी, पण मतलबापुरती हुशार. आणि ह्या वेळी ती हुशारीच तिच्या गळ्याशी आली होती.

झालं असं, की दसरा होऊन दुसरा मंगळवार उजाडला. धुरपताबाईच्या सुनेनं, सुकन्यानं, पहाटे जीप अंगणातून काढली. क्लच सोडला, गाडी जागची हलली आणि खालून बारीक 'कट्ट' झालं. सुपारी फोडावी तसं. गाडी चालायला लागली की आवाज गायब. मागच्या सीटवर बसलेल्या धुरपताबाईच्या डाव्या टाचेला मात्र तो नेमका लागला. तिनं पाय थोडा सरकवला आणि गप बसली.

का गप बसली, ते सांगायला हवं. बाईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडच्या दवाखान्यात जायचं, चार तास मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायचं, तेव्हा कुठं पुढचे तीन दिवस पदरात पडायचे. एक पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, श्वास पुरत नाही. वस्ती अर्धापूरपासून दोन कोस आत, केळीच्या बागांत. पहाटे तिथं एसटी येते थोडीच!

आधी तिचा मुलगा बालाजी न्यायचा. पोरगा वाईट नाही हो. पण केळीवाला माणूस. व्यापाऱ्याचा ट्रक कधी येऊन बांधावर उभा राहील त्याचा नेम नाही, आणि कापलेला माल थांबत नाही. मग "माय, आज न्हाई जमत, उद्या जाऊ" असं व्हायचं. बालाजीला उद्या होता, मशीनच्या नंबराला नव्हता. एकदा अशा लागोपाठ दोन पाळ्या हुकल्या, आणि बाईला बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून, दोघांनी धरून न्यावं लागलं. त्या रात्री तिनं यमाचा रेडा अगदी जवळून बघितला.

ती दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी सुकन्या नवऱ्याला म्हणाली, "मला गाडी शिकायची हाय." बालाजी हसला. ही बाई गप अर्धापूरला गेली, क्लासला नाव घातलं, लायसन काढलं, आणि महिनाभर रिकाम्या वावरात जीप फिरवली. गाव काय गप बसतंय? "बालाजीची बायको जीपनं नांगरट करून राहिली," म्हणून पारावर खिदळले सगळे. पण त्यानंतर चौदा महिने धुरपताबाईची एक पाळी चुकली नाही. एकसुद्धा नाही.

आणि नुसतं नेणं-आणणं नव्हतं ते. बाईला दिवसाचं पाणी मोजून, जेमतेम तीन-चार पेले. तर सुकन्या तिच्यासमोर कधी घोटभर पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यात, घामानं पाठ भिजलेली असताना सुद्धा, गाडीच्या मागं जाऊन पिऊन यायची. धुरपताबाई हे बघायची आणि बोलायची काहीच नाही. आपल्यात घरच्या माणसाला आभार म्हणायची रीत कुठाय? आभार म्हणजे सत्काराच्या भाषणातला, शाल-नारळाबरोबरचा शब्द. सुनेला कोण म्हणतं!

तर आता लक्षात आलं असेल. गाडीला आवाज येतोय म्हटलं, की बालाजी म्हणणार, बाईच्या हातात दिल्यावर असंच व्हायचं. चावी त्याच्या खिशात जाणार, आणि पुन्हा "आज न्हाई, उद्या" सुरू होणार. म्हणून धुरपताबाईनं युक्ती काढली. गाडी जागची हलायची वेळ आली, की ती खोकायची.

पहिल्यांदा हे सोपं होतं. सकाळी एकदाच 'कट्ट' व्हायचं, एक खोकला पुरायचा. पुढं आवाज वाढला. गाडी मागं घेताना वाजायला लागला. मग प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक सिग्नलला वाजायला लागला. आसना नदीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली की बाईची नुसती तारांबळ. थांब, हल, खोक, थांब, हल, खोक. शेवटी सुकन्याच घाबरली. "आत्या, छातीचा फोटो काढू या का?" डॉक्टरनं खोकल्याचं औषध लिहून दिलं. तेवढं औषध पाण्याच्या मापातून वजा झालं, तरी बाईनं निमूट गिळलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय का?

संक्रांतीला बालाजी एकटाच जीप घेऊन पाहुण्यांकडं गेला. मागं खोकायला कुणी नव्हतं. अंगणातून निघताना वाजलं, फाट्यावर वाजलं, पाहुण्यांच्या दारात तर असं वाजलं की पाहुणाच म्हणाला, "काय तुटलं का हो?" बालाजी घरी आला तो दारातूनच ओरडत. "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवती ही! प्लेट जाळून टाकली!"

अर्धापूरच्या एका मिस्त्रीकडं गाडी गेली. त्यानं गाडी चालवून बघितली नाही की खाली वाकून बघितलं नाही. विचारलं एवढंच, की कोण चालवतंय. बायको म्हटल्यावर म्हणाला, "मग प्लेटच." नवी प्लेट बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लच सोडला, आणि 'कट्ट'! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. पण बालाजीला तसं वाटलं नाही.

"नवी प्लेट बी खाल्ली हिनं!"

"अहो, गाडीतच दुसरं कायतरी बिघडलंय," सुकन्या म्हणाली.

"हाव, हाव. नाचता येईना, अंगण वाकडं." त्यानं चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली. "आता मायला मीच नेत जाईन."

धुरपताबाई खाटेवर बसून हे ऐकत होती. माझ्या टाचेला विचारा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं सुद्धा. पण मग 'इतके दिवस का बोलली न्हाईस' हा प्रश्न आला असता, म्हणून तिनं ते पुन्हा मिटलं. सुकन्यानं मात्र सासूकडं एकदा बघितलं आणि भाकरी थापायला आत गेली. ते बघणं बाईला फार लागलं.

पुढचा शुक्रवार आला आणि ट्रकही आला. पाळी हुकली; पुढचा नंबर थेट मंगळवारी. शनिवारी पायाला बोट दाबलं तर खड्डा पडायला लागला. रविवारी बाईला आडवं होता येईना. उशांचा ढीग लावून, भिंतीला टेकून ती बसली, आणि सुकन्या तिचे तळवे चोळत शेजारी बसून राहिली. सोमवारी बालाजी घाबरला. तेव्हा सुकन्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"उद्या आत्या मशीनवरून उतरल्या की नांदेडलाच गाडी दाखवू. माझ्या पायाचा दोष निघाला तर जन्मात स्टेअरिंगला हात लावणार न्हाई. न्हाई निघाला, तर चावी माझी आन परत कुणी मागायची न्हाई."

"कबूल," बालाजी म्हणाला. त्याला वाटलं, जिंकलोच.

देगलूर नाक्याच्या पुढं गुरुबसप्पा मिस्त्रीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब, आणि म्हातारा एकटाच काम करणारा. मूळचा तिकडं कर्नाटकाच्या शिवेवरचा. मराठी बोलायचा पण कानडीच्या चालीवर. चार तास मशीनवर पडून उतरलेली धुरपताबाई चिपाडासारखी हलकी आणि गळून गेलेली होती. म्हाताऱ्यानं आधी तिला खुर्ची दिली, मग गाडीकडं बघितलं.

"क्लच प्लेट नवी टाकलीय," बालाजीनं सुरुवात केली, "पण ही चालवती म्हणून..."

"कोण चालवतंय ते मी विचारलंच न्हाई की हो अजून," गुरुबसप्पा म्हणाला. "आवाज कवा येतंय, ते सांगा."

"उभी गाडी निघताना," सुकन्या म्हणाली. "एकदाच. आन रिव्हर्सला."

"हां." म्हातारा गाडीत बसला. इंजिन चालू करून उभ्या गाडीत नुसता क्लच पाचसहा वेळा दाबला, सोडला. काही वाजलं नाही. "क्लच गप हाय," तो म्हणाला. मग उतरून बालाजीला म्हणाला, "आता तुमी चालवा. पुढं घ्या, थांबा, मागं घ्या."

बालाजी ऐटीत बसला. नव्या नवरीला पाटावर बसवावं इतक्या हळू त्यानं क्लच सोडला. कट्ट! मागं घेतली. कट्ट! त्यानं पुन्हा केलं, आणखी हळू. पुन्हा तेच. कान लाल झाले गड्याचे. सुकन्या कडुलिंबाखाली हाताची घडी घालून उभी होती. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"पाय कुणाचाबी असू दे, आवाज येतंय," गुरुबसप्पा म्हणाला. "पायाचं दोष न्हाई. आता कुठून येतंय ते बघू. पुढं बसणाऱ्याला सगळं पुढूनच आल्यासारखं वाटतंय. मागं कोण बसतंय?"

दोघांनी धुरपताबाईकडं बघितलं. आजवर हिला कुणी विचारलंच नव्हतं. कशाला विचारतील? मागं बसलेली आजारी म्हातारी, तिला गाडीतलं काय कळतंय! गुरुबसप्पा तिच्या खुर्चीसमोर येऊन उकिडवा बसला.

"अव्वा, तुमी सांगा. कुठं लागतंय तुमाला?"

बाईनं आधी मुलाकडं बघितलं, मग सुनेकडं. 'मला काय ठाऊक बाबा' म्हटलं असतं तर सुटली असती. पण समोर सुकन्या उभी होती, पाच दिवस न झोपल्यासारखे डोळे घेऊन, आणि धुरपताबाईच्या जिभेवर खोटं चढेना.

"दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारपासून," ती म्हणाली. "माझ्या डाव्या टाचेखाली. आधी सकाळी एकदाच वाजायचं. दिवाळी झाल्यावर गाडी मागं घेताना बी. संक्रांत जवळ आल्यापासून तर गाडी पळायला लागली की तळपायाला मुंग्या येतेत, हळू केली की थांबतेत. आन वाजतंय ते पुढून न्हाई, खालून. लोखंडाला लोखंड भेटल्यावानी."

गुरुबसप्पानं डोक्यावरची टोपी मागं सरकवली. "अय्यय्यो! तीस वर्षं झालं धंद्यात, असं नीट कुणी सांगितलं न्हाई मला. कसं कळतंय अव्वा तुमाला एवढं?"

बाईनं डावा हात पुढं केला. मशीनला जोडायची फुगलेली शीर दाखवली. "सिस्टरनं शिकवलंय. रोज सकाळी हितं बोट ठेवून बघायचं, आत घरघर चालू हाय का. चालू तर आपण चालू. बघून बघून सवय पडली."

म्हातारा गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला, आणि बालाजीलाही शिरायला लावलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लोखंडी दांडा असतो; त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस म्हणून सांधा असतो, आपल्या घोट्यासारखा. त्यानं बालाजीचा हात पुढच्या सांध्यावर ठेवला आणि दांडा पिळला. कट्ट. बरोबर बाईच्या डाव्या टाचेखाली. बालाजीच्या बोटांवर तांबडी भुकटी सांडली.

"गंज," खालून गुरुबसप्पाचा आवाज आला. "ग्रीसचं थेंब न्हाई. सगळं धुऊन गेलंय. पाणी कुणी मारलं खालून, जोरात?"

बालाजी बोटांवरची भुकटी पुसत राहिला. बोलणार काय! दसऱ्याला सगळेच गाड्या धुतात, पूजा करतात. पण ह्या शहाण्यानं केळीवर औषध मारायचा फवारणीचा पंप लावून, गाडीखाली आडवं पडून, अर्धा दिवस दाबाचं पाणी मारलं होतं. खालचा काळा चिकटा दिसला तेवढा घाण म्हणून उडवला. सांध्यातलं ग्रीस पाण्यानं गेलं, आत पाणी राहिलं, आणि पुन्हा ग्रीस भरायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर गावाला बोलावून दाखवलं होतं, बघा, खालून सुद्धा कशी ताटासारखी लख्ख!

"मीच मारलं," शेवटी तो गाडीखालून म्हणाला.

"वर झेंडूचं हार घातलं आन खाली उपाशी ठेवलं की हो," गुरुबसप्पा म्हणाला. सुकन्याला आता मात्र हसू आवरेना, आणि बालाजी अंगाला माती लागलेला, ओशाळलेला बाहेर आला. आला तो सरळ बायकोपुढं उभा राहिला. खिशातून चावी काढून तिच्या हातात ठेवली. माफ कर वगैरे म्हणायची त्याची जात नव्हे, पण म्हणाला, "चुकलं माझं. उगीच बोललो तुला." आमच्याकडच्या नवऱ्याच्या मानानं हे फार झालं.

इथं सगळं गोड झालं असतं. पण गुरुबसप्पा हात पुसत म्हणाला, "नशीब म्हणा, आज आणलं. आणखी दोन फेऱ्या, न्हाईतर एकच. दांड्याचं हे पुढचं तोंड सुटलं असतं आन पळत्या गाडीत दांडा रस्त्यात रुतलं असतं, तर गाडी उलटलीच असती. पुलावर असतं तर विचारू नका."

धुरपताबाईनं मनात फेऱ्या मोजल्या. पूल म्हणजे आसनेचा पूल. आठवड्यातून चार वेळा. स्टेअरिंगवर ही पोर, आणि मागं आपण, खोकून खोकून आवाज झाकत बसलेली. आपलं काय, आपण पिकलं पान. पण ही? हिच्या जिवावर उठलो होतो आपण, आणि तेही हिची चावी जाऊ नये म्हणून!

"पोरी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मला खोकला नव्हताच गं. आवाज तुमाला ऐकू जाऊ नये म्हणून खोकत व्हते मी. तुझ्या हातची गाडी गेली तर मी मरते, एवढंच दिसलं मला. तू मरशील, हे न्हाई दिसलं."

बालाजीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. गुरुबसप्पा एकदम गंभीर होऊन पान्हा शोधायला लागला. तो पान्हा त्याच्या हातातच होता. सुकन्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली ती राहिलीच.

दोन्ही टोकांचे क्रॉस नवे बसले, ग्रीस भरलं, दुपार कलली. म्हाताऱ्यानं धुरपताबाईला मागं बसवलं, सुकन्याला चालवायला सांगितलं. पुढं, थांब, मागं, थांब. "अव्वा, काय म्हणतंय टाच?" बाईनं मान हलवली, काही लागत नव्हतं. तिनं म्हाताऱ्याला दोन्ही हात जोडले. "बाबा, तुमी मला विचारलंत," एवढंच तिला बोलता आलं. तो म्हणाला, "विचारणार न्हाई तर काय, तुमालाच ठाऊक होतं की."

परतीला सुकन्या चालवत होती, बालाजी शेजारी बसला होता, आणि गाडीत कुणी चकार शब्द काढत नव्हतं. धुरपताबाईला वाटलं, गेलं. चावी मिळाली पण पोर गेली. आता ही न्यायची, आणायची, सगळं करायची, पण मनातून नाही. आणि आपण त्याच लायकीचे आहोत. गाडी नांदेडबाहेर पडली, पूल आला, पूल गेला, आणि मग समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता सुकन्या बोलली.

"आत्या, परत कायबी वाजलं तर सांगायचं. गाडीत वाजू द्या न्हाईतर तुमच्या छातीत. गाडी मोडली तर एसटीनं नेईन, एसटी न्हाई आली तर पाठीवर घेऊन नेईन. पण लपवायचं न्हाई. मला आई न्हाई. तुमी गेल्यावर चावी घेऊन मी कुणाला नेऊ?"

धुरपताबाईनं पुढं वाकून सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. शब्द येत नव्हता, तरी तिनं तो ओढून काढला. चौदा महिने साचलेलं सगळं त्या एका वाक्यात आलं.

"सुकन्या, तू हायस म्हणून मी हाय. तुझे लई लई आभार, माय."

सुनेला कुणी असं म्हणतं का? बालाजीनं वळून आईकडं बघितलं. सुकन्याला पुढचा रस्ता दिसेना. तिनं गाडी कडेला, एका केळीच्या बागेच्या कुंपणाशी घेतली आणि पदरात तोंड खुपसून रडली. मग नाक पुसलं, सीटखालची बाटली काढली आणि सासूसमोर, पहिल्यांदाच, गटागटा पाणी प्यायली. धुरपताबाई म्हणाली, "पी बाई, पोटभर पी," आणि तिला पाणी पिताना बघून तिचीच तहान भागल्यासारखी झाली.

बाटली ठेवून सुकन्यानं गिअर टाकला, क्लच सोडला, आणि उभी गाडी निघाली. आवाज आला की नाही, हे ऐकायचं तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.